तीन, तेरा, तेवीस : सातवीतल्या एका गैरहजेरीचं प्रकरण

हे प्रकरण नवीन नाशिकमधल्या, म्हणजे सगळे ज्याला सिडको म्हणतात तिथल्या, एका अनुदानित मराठी शाळेतलं आहे. वर्ष 2024-25. शाळेचं आणि मुलीचं नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशीलही बदलले आहेत. मी या शाळेत आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी समुपदेशक म्हणून जाते. सप्टेंबरच्या शेवटी, प्रथम सत्र परीक्षा तोंडावर आलेली असताना, सातवीच्या वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली. तिच्यात एवढंच होतं: "वारंवार गैरहजर. पोटदुखीची तक्रार. अभ्यासात घसरण. पालकांना दोनदा बोलावलं, आले नाहीत."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी ही चार वाक्यं वाचून जे चित्र उभं राहतं, तशी ती मुलगी नव्हती.

घर आणि आधीची शाळा

कुटुंब मूळचं बागलाणातलं. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, पाळ्या बदलत्या. आई त्याच भागात पॅकिंगला जाते. खाडा झाला की त्या दिवसाचा रोज गेला. धाकटा भाऊ तिसरीत. मुलगी चौथीपर्यंत मनपाच्या शाळेत होती, पाचवीला इथे आली. पाचवीत आणि सहावीत तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. प्रगतिपुस्तकावर दोन्ही वर्षं "शांत, आज्ञाधारक" असा शेरा. हा शेरा मी आता जरा घाबरूनच वाचते. साठ मुलांच्या वर्गात शांत मूल शिकतंय की नुसतं बसलंय, हे बाहेरून कळत नाही.

आमच्याआधी प्रत्येकाने आपापलं निदान केलेलं होतं. इतिहासाच्या मॅडमना वाटत होतं, घरी मोबाईल पाहत जागत असणार, शेवटच्या तासाला पेंगते. इंग्रजीचे सर म्हणाले, "वयच तसं आहे, सातवीत पोरी बदलतात." आईच्या मते पाळी जूनमध्ये सुरू झाली, त्याचंच पोट दुखतंय. हा शेवटचा अंदाज आम्ही आधी तपासला, कारण या वयाच्या मुलीच्या पोटदुखीकडे पाहताना सुरुवात तिथूनच करावी लागते. पाळी किती दिवस टिकते, त्रास किती होतो, शाळेतलं स्वच्छतागृह वापरता येतं का, की तिथे जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही, हे सगळं विचारलं. पाणी ती खरंच कमी पीत होती आणि त्यावर शाळेने स्वच्छतागृहाची कडी दुरुस्त करून घेतली. डॉक्टरांनाही दाखवून झालं होतं, काही निघालं नव्हतं. पोटदुखीच्या तारखा मात्र पाळीच्या तारखांशी जुळत नव्हत्या.

मग त्या कशाशी जुळत होत्या?

कॅटलॉग

वर्गशिक्षिका मॅडम आणि मी कॅटलॉग, म्हणजे वर्गाचा हजेरीपट, उघडून बसलो. मॅडमनी आधी वार पाहिले होते. सोमवार जास्त आहेत का, बाजाराचा वार आहे का, असं. वारांत काही सापडत नव्हतं. मग तारखा एकाखाली एक लिहिल्या. जुलै: 3 ला गैरहजर, 13 ला हजर, 23 ला गैरहजर. ऑगस्ट: 3 ला हजर, 13 ला गैरहजर, 23 ला हजर, पण तिसऱ्या तासाला पोट दुखतं म्हणून कार्यालयाबाहेरच्या बाकावर. सप्टेंबर: 3, 13, 23, तिन्ही दिवस गैरहजर. मध्ये एका लग्नाचे दोन दिवस आणि एक तापाचा, बाकी हजेरी सलग.

मॅडमनी कागदावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "अहो, हिचा हजेरी क्रमांकच तेवीस आहे."

गणिताच्या सरांची पद्धत सगळ्या शाळेला माहीत होती. तास सुरू झाला की ते फळ्यावर तारीख लिहितात आणि तारखेचा शेवटचा आकडा ज्यांच्या क्रमांकात येतो त्यांना पुढे बोलावतात. आज 13 तारीख, म्हणजे 3, 13, 23, 33, 43, 53 फळ्याकडे. ओळीने उभं राहायचं, एकेक उदाहरण सोडवायचं, चुकलं की तिथेच थांबायचं. पक्षपात नाही, कोणी सुटत नाही, म्हणून सरांना ती पद्धत न्याय्य वाटायची. 13 जुलै आणि 3 ऑगस्ट हे दोन्ही शनिवार होते. शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या दिवशी सातवीला गणिताचा तास नसतो. म्हणून त्या दोन दिवशी ती निर्धास्त आली होती.

हे लक्षात आल्यावर सगळ्यात सोपी गोष्ट होती ती तिला पकडण्याची: "नाटक करतेस ना?" ते आम्ही केलं नाही, आणि पुढे जे काही साधलं ते त्यामुळेच साधलं असं मला ठाम वाटतं. तिचं पोट खरोखर दुखत होतं. आदल्या रात्री जेवण जात नव्हतं, झोप नीट लागत नव्हती आणि सकाळी कळा येत होत्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला वर्गासमोर, मैत्रिणींसमोर, मुलांसमोर उघडं पडण्याची जी धास्ती असते तिला शरीर असंच उत्तर देतं. तिसरीतलं मूल चुकलं तर रडतं आणि विसरतं. सातवीतलं मूल चुकण्याची वेळच येऊ नये म्हणून योजना करतं, आणि ही मुलगी ती योजना फार हुशारीने करत होती.

वही आणि पाटी

तिची गणिताची वही मी मागवून घेतली. लाल पेनाने आखलेला समास, प्रश्न निळ्या शाईत, उत्तराखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. प्रत्येक उदाहरण बरोबर, प्रत्येक पानावर सही. मग घटक चाचणीचा पेपर पाहिला. कोनांच्या जोड्यांचा प्रश्न पूर्ण सोडवलेला, आकृती नेटकी. बाकी पेपर जवळजवळ कोरा.

वहीतलं सगळं गणित फळ्यावरून आलेलं होतं. थोडं शाळेच्या फळ्यावरून, उरलेलं गल्लीतल्या क्लासच्या. तिथे सातवीचा गृहपाठ रोज पूर्ण करून मिळायचा, आणि आई पोटाला चिमटा घेऊन त्याची फी भरत होती. शिकवणीने तिची अडचण दूर केली नव्हती. फक्त ती कोणाला दिसणार नाही अशी सोय झाली होती.

मी तिला पेपर दिला नाही. ग्रंथालयाच्या खोलीत बसून पाटीवर एक भागाकार मांडला, 612 भागिले 6. तिने लगेच लिहिलं: 12, बाकी शून्य. कसं केलं विचारल्यावर घडाघडा सांगितलं, "सहाने सहाला एकदा भाग गेला. एक उतरवला, त्याला भाग जात नाही, म्हणून दोन उतरवले. बारा झाले. सहा दुणे बारा." रीत अगदी पाठ. एकच गोष्ट गळालेली: भाग जात नाही तेव्हा वर भागाकारात शून्य लिहायचं.

चूक न दाखवता मी विचारलं, "तुमच्या गल्लीत मार्केटमधून कांदा-बटाट्याची गोणी आणून वाटून घेतात का?"

"घेतात ना. मम्मी आणि शेजारच्या काकू."

"समज, सहा जणींनी मिळून 612 रुपयांचा माल आणला. मम्मी काकूंना किती देईल?"

"बारा रुपये," ती म्हणाली आणि थांबली. पाटीकडे पाहिलं. "नाही ताई, बारा कसे? शंभर तर प्रत्येकीला पडणारच. एकशे दोन."

उत्तर तिला आलं, पण ते तिने पाटीच्या कोपऱ्यात लिहिलं. मांडलेल्या भागाकाराला हात लावला नाही. व्यवहारातली संख्या आणि वहीतली रीत ही तिच्या डोक्यात दोन वेगळी खाती होती, एकातलं दुसऱ्यात जात नव्हतं. त्या दिवशी आणखी दोन गोष्टी कळल्या. सहा ते नऊचे पाढे मधूनच धरले की ती बोटांवर मोजत होती, हात बाकाखाली ठेवून. आणि एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश तिच्या लेखी दोन पंचमांश होतं.

आता हे शाळेच्या इयत्तांवर मांडून पाहिलं की कोडं सुटतं. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती दुसरीत होती. तिसरीचं सगळं वर्ष घरात गेलं. चौथीचे वर्ग डिसेंबर 2021 मध्ये उघडले आणि जानेवारीत तिसऱ्या लाटेत पुन्हा काही दिवस बंद झाले. भागाकाराची मांडणी पक्की होते आणि अपूर्णांकांशी ओळख होते ती नेमकी याच दोन इयत्तांत. घरात एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर कंपनीत. मागचं राहिलेलं भरून काढायला शासनाचा सेतू अभ्यास आला, पण तोही बहुतेक घरांत मोबाईलवरच आला. आणि सातवीच्या पुस्तकात मसावि-लसावि, परिमेय संख्या, समप्रमाण-व्यस्तप्रमाण, सरळव्याज, सगळं काही भागाकार येतो असं गृहीत धरून उभं आहे. भूमितीला भागाकार फारसा लागत नाही, म्हणून तेवढा प्रश्न तिने सोडवला होता.

सहा शिक्षकांत वाटलेलं मूल

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा गणितात नाही. चौथीपर्यंत मूल दिवसभर एका बाईंच्या नजरेखाली असतं. त्या बाईंना गणितात अडतं ते कळतं, आणि डबा खाल्ला नाही तेही. उच्च प्राथमिकला विषयवार शिक्षक येतात. शिक्षण हक्क कायद्यातच सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा असं म्हटलं आहे, आणि ते योग्यच आहे. एका माणसाने परिमेय संख्याही शिकवायच्या आणि इतिहासही, हे झेपणारं नाही. पण त्यात मूल वाटलं जातं. प्रत्येकाकडे त्याचा एकेक तुकडा असतो आणि अख्खं मूल कोणाकडेच नसतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी मधल्या सुट्टीत सगळ्या विषयशिक्षकांना एकत्र बसवलं. एकच प्रश्न होता: ही मुलगी तुमच्या तासाला कशी असते? विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, वर्गातल्या सगळ्यात चांगल्या आकृत्या हिच्या. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, प्रकट वाचन इतकं छान की स्नेहसंमेलनात निवेदनाला घ्यायचं मनात आहे. इतिहासाच्या मॅडमना आठवलं, पेंगते ती वडिलांची रात्रपाळी असते त्या आठवड्यात. आई पहाटे उठून कामाला लागते तेव्हा हिलाही उठावं लागतं. गणिताचे सर गप्प ऐकत होते. "माझ्या तासाला ती दिसतच नाही," ते म्हणाले. त्यात आरोप नव्हता, आश्चर्य होतं.

तिच्या आकृत्या, तिचं वाचन, तिची अपुरी झोप, हे सगळं शिक्षकांच्या खोलीत आधीपासून होतं. फक्त एका टेबलावर कधी आलं नव्हतं.

काय केलं

सरांशी बोलणं सोपं नव्हतं आणि त्यांची बाजू मला आजही पोकळ वाटत नाही. कायद्याने उच्च प्राथमिकला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा, त्यांच्यासमोर साठ. पस्तीस मिनिटांचा तास. त्यातून पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेचं नवं दडपण: शिक्षण हक्क कायद्यातली केंद्राची 2019 ची दुरुस्ती आणि त्यानंतर 2023 मध्ये राज्याने बदललेले नियम यांमुळे आता आठवीत नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा आणि तीही न जमल्यास पुन्हा त्याच वर्गात बसणं आलं. "मी यांना सातवीत हलवलं नाही तर आठवीत आपटतील," सर म्हणाले. काळजी खरी होती. मी एवढंच म्हटलं की ज्या मुलांसाठी ही पद्धत आहे नेमकी तीच मुलं त्या दिवशी वर्गात नसतात. त्यांनी स्वतः कॅटलॉग मागून घेतला आणि इतर क्रमांकही पाहिले. त्यात आणखी एक मुलगा सापडला, 38 क्रमांकाचा.

तारखेची पद्धत सरांनी सगळ्या वर्गासाठी बदलली. एकट्या मुलीला सूट दिली असती तर वर्गाने दुसऱ्या दिवशी ओळखलं असतं. आता फळ्याकडे दोघं-दोघं जातात, एक सांगतो, दुसरा लिहितो, पुढच्या उदाहरणाला उलट. चुकलं तर जोडीने दुरुस्त करून जागेवर बसायचं, उभं राहायचं नाही. मधूनच सर जुन्या सवयीवर जायचे. मग मॅडम तासानंतर आठवण करून द्यायच्या.

दुसरं काम मागचं भरून काढण्याचं होतं. सातवीतल्या मुलीसमोर काड्यांचे गठ्ठे ठेवले तर ती पुन्हा आपल्या समोर बसणार नाही. म्हणून तिला वेगळं काम दिलं. पाचवीतल्या काही मुलांना भागाकार जड जात होता, त्यांच्यासाठी कार्डांचा संच करायचा. प्रत्येक कार्डावर एक खरा व्यवहार, मागे सोडवलेलं उदाहरण आणि "इथे पोरं कुठे चुकतील" ही एक ओळ. ही शेवटची ओळ लिहिण्यासाठी तिला स्वतःची चूक शोधावी लागायची, पण ती पाचवीच्या मुलांच्या नावावर. शाळा दुपारच्या सत्राची. ती अर्धा तास आधी येऊन ग्रंथालयात बसायची. वर्गाला माहीत होतं ते एवढंच, की तिला ग्रंथालयाचं काम मिळालंय. त्या संचातलं एक कार्ड माझ्याकडे आहे: "824 रुपये, 8 जणी. इथे पोरं 13 लिहितील. मधला 2 उतरवल्यावर भाग जात नाही, तिथे 0 द्यायचा, नाहीतर काकूंना 90 रुपयांचा फायदा होतो."

दिवाळीनंतर ती आठवड्यातून दोनदा पाचवीच्या तीन मुलांबरोबर बसू लागली. पाढे तिथे पक्के झाले, कारण आता ती बोटं मोजू शकत नव्हती. समोरची मुलं तिच्या हातांकडेच पाहत होती.

घराकडचं काम थोडक्यात सांगते. आई "आल्या नाहीत" कारण पालक सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला होती. मॅडमनी आईच्या सुट्टीच्या दिवशी वेळ दिली, त्या आल्या. पहिलं वाक्य, "मॅडम, पोरीने काही केलं का?" शाळेचं बोलावणं म्हणजे तक्रार, ही त्यांची आजवरची ओळख. मॅडमनी आधी विज्ञानाची वही दाखवली. भागाकाराचं नंतर सांगितलं. क्लास बंद करायचा की नाही हे आम्ही ठरवलं नाही. तिथल्या सरांनी गृहपाठ फळ्यावर लिहून देऊ नये एवढं सांगा म्हटलं. घरच्यांनीच दोन महिन्यांनी क्लास बंद केला. आईने एक गोष्ट स्वतःहून विचारली: कंपनीतल्या बाईच्या मुलाला आठवीत कसली तरी शिष्यवृत्ती मिळाली, ती काय असते? ती एनएमएमएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठी असलेली केंद्राची शिष्यवृत्ती. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी परीक्षा आठवीत, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. बसण्यासाठी सातवीत 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. सातवीचे गुण कुठे धरले जात नाहीत असं समजणाऱ्या घरांना हे वेळेत सांगायला हवं. आमच्या शाळेत ते तोवर आठवीचे फॉर्म भरतानाच सांगितलं जायचं.

काय बदललं, काय नाही

प्रथम सत्रात गणितात काहीच हललं नाही. दुसऱ्या सत्रातल्या पहिल्या चाचणीतही नाही, आणि तेव्हा सगळेच खचले. वडील म्हणाले, "कार्डं बनवून मार्क कुठं मिळतात?" त्यांचा प्रश्न रास्त होता, पण चाचणी बैजिक राशींची होती आणि मुलगी भागाकार भरून काढत होती. चौथीचं खिंडार बुजवणाऱ्या मुलाला सातवीच्या पेपरात लगेच गुण दिसत नाहीत. या मधल्या काळात मोठ्यांचा धीर सुटला की मूलही सोडून देतं. म्हणून मॅडमनी वेगळ्या खुणा पाहायच्या ठरवल्या. 3, 13, 23 ला हजेरी आहे का? पेपरात प्रयत्न केलेली उदाहरणं किती, मग उत्तर चुकलेलं का असेना? आपणहून काही विचारलं का? डिसेंबर ते मार्च ती त्या तारखांना एकदाच गैरहजर होती आणि तेव्हा घरात भाऊ आजारी होता. जानेवारीत समप्रमाणाच्या तासाला तिने विचारलं, "सर, इथे आधी भागून मग गुणलं तर चालेल का?" सरांनी ते मला मुद्दाम येऊन सांगितलं. वार्षिक परीक्षेत तिला गणितात बेताचे गुण मिळाले, एकूण टक्केवारी मात्र 55 च्या वर गेली.

38 क्रमांकाच्या मुलाचं आम्हाला जमलं नाही. त्याची अडचण वाचनाची होती, शाब्दिक उदाहरणं त्याला वाचताच येत नव्हती, आणि आमचं लक्ष तिकडे वळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता. कुटुंब एप्रिलमध्ये गावी गेलं, जूनमध्ये शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलं. पुढच्या शाळेसाठी मॅडमनी त्याच्या दाखल्यासोबत एक पान जोडलं: काय येतं, कुठे अडतं, कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी.

यंदा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सहावी आणि सातवीच्या सगळ्या तुकड्यांना पाटीवर आठ उदाहरणं दिली. ती गणिताच्या सरांनीच काढली आहेत. पहिलं 612 भागिले 6. त्या शून्यापाशी अडणारी मुलं प्रत्येक तुकडीत निघाली, पहिल्या बाकावरचीही. महिन्यातून एकदा विषयशिक्षक एकत्र बसतात आणि प्रत्येक तुकडीतल्या चार-पाच मुलांबद्दल बोलतात. कोणाबद्दल बोलायचं ते वर्गशिक्षक ठरवतात, आणि त्यांतलं एक नाव "शांत, आज्ञाधारक" शेऱ्यातलं असावं असं ठरलं आहे. ती मुलगी आता आठवीत आहे. आठवीच्या पुस्तकातला पहिलाच पाठ परिमेय व अपरिमेय संख्यांचा आहे आणि छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज तिला अजून डळमळीत वाटते. त्यासाठी ग्रंथालयातला तिचा अर्धा तास चालू ठेवला आहे.